कौल, पत्रा की स्लॅब? आधी सांगा, मे महिन्यात वर कोण चढणार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यात साठेक वर्षांपूर्वीचं चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरतं छप्पर असलेलं घर, साधारण तीस बाय चाळीस फुटांचं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, मातीत बांधलेल्या. वर मंगळुरी कौलं. बहात्तर वर्षांची आई तिथे एकटी राहते, बाकी सगळे डोंबिवलीला. गेल्या पावसात तीन ठिकाणी गळलं, त्यात माकडांनी कौलं फोडली. धाकटा भाऊ म्हणतो स्लॅब टाकून मोकळे होऊ. गावातला फॅब्रिकेशनवाला म्हणतो पत्रा घाला. आई म्हणते, कौलं काढलीत तर मी या घरात राहणार नाही. आणि तुम्ही विचारताय, यातलं सगळ्यात चांगलं छप्पर कुठलं?

मी गेली सव्वीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरांची कामं घेतोय. वडील सुतार, त्यामुळे वासे (छपराची उतरती लाकडं) आणि रिपा (त्यांवरच्या आडव्या पट्ट्या) लहानपणीच हातात आल्या, डिप्लोमा त्यानंतर. इतक्या वर्षांत कौलं उतरवून पत्रे चढवले, पत्रे उतरवून परत कौलंही चढवली, आणि स्लॅबवर पत्र्याची शेड तर इतक्या वेळा घातली की मोजणं सोडून दिलं. म्हणून ‘सगळ्यात चांगलं’ म्हटलं की मी जरा अडखळतो. घर बघायला गेलो की पहिला प्रश्न मी घरातल्या माणसांबद्दल विचारतो: दरवर्षी मे महिन्यात या छपरावर कोण चढणार? त्याच्या उत्तरावर अर्धं छप्पर ठरतं. मग बघायचं की भिंती किती वजन पेलतील. कौल की पत्रा हे त्यानंतर. तुमच्या घरात नेमका उलटा क्रम लागलाय, म्हणून तिघांची तीन मतं झाली आहेत, आणि गंमत म्हणजे तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

आधी आईच्या बाजूने बोलतो.

कौलारू छप्पर दरवर्षी माणूस मागतं. आपल्याकडे मंगळुरी कौलाआधी नळे होते. कुंभार चाकावर नळकांडं काढायचा आणि ओलं असतानाच उभं चिरून त्याची दोन कौलं करायचा. छपरावर एक उताणं, त्याच्या कडांवर दुसरं पालथं. मांजर धावलं, वारा सुटला की सरकायचे, म्हणून मृगाच्या आधी सगळं छप्पर परतावंच, म्हणजे कौलं काढून पुन्हा लावावीच लागायची. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि साच्यात दाबलेलं, एकाच्या खाचेत दुसरं अडकणारं चपटं कौल किनाऱ्याकिनाऱ्याने सगळीकडे पोचलं. त्याने वर्षाचं काम कमी झालं, पण संपलं नाही. फुटलेली बदलायची, आढ्यावरच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या कौलांचं चुना-सिमेंट बघायचं, पालापाचोळा काढायचा, शेवाळ खरवडायचं, कुजलेली रीप बदलायची. दोन माणसांचं दोन-तीन दिवसांचं काम. एवढं दरवर्षी झालं तर कौलाला मरण नाही. ऐंशी-नव्वद वर्षांची कौलं मी स्वतः उतरवून दुसऱ्या घरावर चढवली आहेत. बोटाने टिचकी मारा, खणखणीत वाजलं तर कौल जिवंत आहे. बद्द आवाज आला, किंवा खालून बघितल्यावर सगळं अंग ओलं दिसलं, तर ते काढा.

छपराखाली गारवा असतो तो कौलाच्या मातीपेक्षा फटींमुळे जास्त. तापलेली हवा वर चढते आणि शेकडो बारीक फटींतून निघून जाते. चुलीचा धूरही तसाच जायचा, आणि जाता जाता वाशांवर काजळीचा थर चढवून जायचा, त्याने भुंगा-वाळवी लांब राहायची. चूल जाऊन गॅस आला तेव्हापासून स्वयंपाकघरावरचे वासे लवकर पोखरले जायला लागले, असं माझे वडील म्हणायचे. मलाही ते खरं वाटतं.

पण हे दोन दिवसांचं काम करणारा माणूस आता कुठे आहे? आमच्या वाडीत पूर्वी आठ-दहा जण होते. आज एक आहे, त्याचं वय साठच्या वर, आणि मे महिन्यात त्याला वीस घरांतून बोलावणी असतात. तरुण पोरं पत्र्याच्या कामाला मिळतात, कौलावर पाय कुठे ठेवायचा हे त्यांना ठाऊक नसतं. पाच फुटलेली बदलताना पंधरा फोडून खाली येतात. पाय कौलाच्या मधोमध टाकायचा नसतो, जिथे खाली रीप आहे आणि दोन कौलं एकमेकांवर चढली आहेत तिथेच टाकायचा. हे शिकवणारंही कोणी उरलं नाही. म्हणून पहिला प्रश्न तुम्ही भावाबरोबर बसून सोडवा. तुमच्यापैकी एकजण दर मे महिन्यात चार दिवस गावी जाऊन समोर उभं राहून काम करून घेणार आहे का? घर नुसतं गणपतीत उघडत असतं तर मी कौलं राखा असं सांगितलंच नसतं. बंद घरात एक कौल सरकलं की तीन महिने पाणी त्याच वाशावर पडत राहतं, आणि भाद्रपदात कुलूप उघडाल तेव्हा वासा हातात येतो. तुमच्याकडे आई आहे. ती वर चढणार नाही, पण गळायला लागल्या दिवशी फोन तरी करेल.

आता स्लॅब. भावाला कागद-पेन्सिल घेऊन बसवा आणि हे गणित दाखवा.

तीस बाय चाळीस म्हणजे बाराशे चौरस फूट. कौलारू छपराची वळचण चारी बाजूंनी अडीच-अडीच फूट बाहेर धरली आणि उतार तीस अंशांचा धरला, तर छपराचं क्षेत्र साधारण अठराशे चौरस फूट भरतं, म्हणजे अठरा ब्रास. ब्रासला १४० ते १५० मंगळुरी कौलं लागतात, म्हणजे सव्वीसशेच्या आसपास. एक कौल अडीच किलो धरलं तर साडेसहा टन. भिजल्यावर आणखी वाढतं, ते सोडून देऊ. त्याच छपरावर अर्ध्या मिलिमीटरचा लोखंडी प्रोफाइल पत्रा घातला तर सगळा मिळून पाऊण टन. आणि बाराशे चौरस फुटांवर पाच इंची स्लॅब टाकला तर नुसत्या काँक्रीटचं वजन पस्तीस टनांच्या आसपास. वर गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा कोबा घालाल, तो सरासरी चार इंच धरला तरी वीस-बावीस टन. एकीकडे पाऊण टन, दुसरीकडे पंचावन्न.

मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर हे पंचावन्न टन कोणी ठेवायला सांगत असेल तर त्याला नम्रपणे चहा पाजून घरी पाठवा. चिरा दबून फुटत नाही, पण त्याला धरून ठेवणारी माती आहे. ती एकदा भिजली की तिची पकड जाते. भिंत उभ्या वजनाला एक वेळ टिकेल. हलल्यावर काय होतं ते ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दिसलं. तिथे दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचा फूट-दीड फूट मातीचा थर, तो झोपलेल्या माणसांवर आला. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्याकडच्या जुन्या लोकांना अजून आठवतो, आणि राजापूर तिथून काही फार लांब नाही. स्लॅबच हवा असेल तर पाया खणून, कॉलम-बीम उभे करून तो टाकावा लागतो. म्हणजे ते नवीन घर झालं. नवीन घर बांधायचं असेल तर खुशाल बांधा, पण तो प्रश्न वेगळा आणि बजेटही वेगळं. घर सामाईक असेल तर सातबारा आणि आठ-अ घेऊन आधी चुलत्यांच्या दारात जावं लागेल, तेही वेगळं.

कोकणातल्या स्लॅबबद्दल मनातलं सांगून टाकतो. सपाट छप्पर आपल्या पावसाचं नाही. सोलापुरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून जास्त रत्नागिरीत एकट्या जुलैत पडतो. तिकडे माळवद होतं, त्याच्या जागी स्लॅब आला. सपाटाच्या जागी सपाट, पावसाला फरक पडला नाही. आपल्याकडे उतरत्या छपराच्या जागी सपाट आला. एसटीने राजापूर ते रत्नागिरी जाताना खिडकीतून बघा, निम्म्याहून जास्त स्लॅबच्या घरांवर पत्र्याची शेड दिसेल. त्या प्रत्येक घराने छपराचे पैसे दोनदा दिले आहेत. वॉटरप्रूफिंग केलेलं असतंच, पण उन्हाने कोबा फुगतो, पावसाने आकसतो, गच्चीच्या कठड्याच्या कडेला केसाएवढी चीर पडते, आणि आठ-दहा वर्षांत पाणी सळईपर्यंत जातं. खारी हवा असेल तर त्याहून लवकर. सळई गंजली की फुगते आणि खालचं प्लास्टर पोपडे होऊन पडतं. दुपारी तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकतो ते वर. एक फायदा मात्र मानतो: माकड, चोर आणि वादळ यांना स्लॅब जुमानत नाही. भाऊ नेमकं तेच बघतोय, म्हणून त्याला वेड्यात काढू नका.

आता पत्रा. फॅब्रिकेशनवाला सांगतोय ते अर्धं खरं आहे. हलका, लवकर होणारा, माकडाने फुटत नाही, दरवर्षी परतावा लागत नाही. उरलेलं अर्धं तो सांगत नाही, कदाचित त्याच्या लक्षातही आलेलं नसेल. ते मला माझ्या चुकीतून कळलं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत देवगडकडे समुद्राच्या तोंडावर एका घराची कौलं काढून मी पत्रा घातला होता. जुने वासे धडधाकट होते, रिपाही चांगल्या होत्या, म्हणून मालकाचे पैसे वाचवायला तोच सांगाडा ठेवला आणि पत्र्याचे स्क्रू इंचभर जाडीच्या रिपांत मारले. काम देखणं झालं. मालक खूश, मीही खूश. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि ते छप्पर रिपांसकट उचलून शेजारच्या कलमांच्या बागेत नेऊन टाकलं. स्क्रू एकही सुटला नव्हता. रिपा वाशांवरून उपटल्या होत्या, आणि दोन वासे भिंतीवरून. नशीब, घरात त्या रात्री कोणी नव्हतं. शेजारचं जुनं कौलारू घर मात्र जागेवर होतं. वळचणीची आणि आढ्याची पाच-पंचवीस कौलं गेली होती तेवढीच.

याचं कारण साधं आहे. कौल आपल्या वजनाने बसतं, पत्रा बांधून ठेवावा लागतो. जुन्या सुताराने वासे भिंतीवर नुसते टेकवले, फार तर लाकडी खुंटी मारली, कारण वर सहा-सात टन बसणार होते. ते कुठे उडणार? तुम्ही ते सहा टन काढून पाऊण टन ठेवलं, तर सांगाडा तोच राहिला तरी त्याचं काम बदललं. आता त्याला खालून ओढून धरायचंय. म्हणून मी आता पत्रा घालताना भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा टाकतो, सहा इंच जाडीचा, आत सळया, आणि त्यातून बोल्ट वर काढून सांगाडा त्याला जखडतो. याने खर्च वाढतो. पण कुठल्याही कोटेशनमध्ये मी पहिल्यांदा हाच आकडा शोधतो, आणि बहुतेक कोटेशनांत तो नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानंतर रायगडात कामाला गेलो होतो, तिथेही उडालेल्या छपरांत हेच दिसलं. पत्रा फाटलेला क्वचित. सगळा सांगाडाच निघालेला.

पत्र्याची निवड करताना ‘कलर पत्रा’ एवढंच म्हणून थांबू नका. साधा जस्ताचा पत्रा खाऱ्या हवेत लवकर हार मानतो. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्र मुलाम्याचा, ज्याला बाजारात गॅल्व्हल्यूम म्हणतात, तो टिकतो. त्या मुलाम्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं. कंपनीच्या छापावर जाडी आणि मुलाम्याचं वजन लिहिलेलं असतं. अर्धा मिलिमीटर आणि दर चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा याच्या खाली समुद्रकाठी जाऊ नका. छाप नसलेला पत्रा स्वस्त मिळेल, घेऊ नका. तुमचं घर किनाऱ्यापासून किती आत आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. वीस-पंचवीस किलोमीटर आत, घाटाकडे असेल तर इतकं घाबरायला नको. मुसाकाजीकडे, अगदी समुद्राला लागून असेल तर यातली प्रत्येक ओळ दोनदा वाचा.

कामावर लक्ष ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांवरच पत्र्याचं आयुष्य ठरतं. पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत एकाच लांबीचा मागवा, मध्ये जोड नको. बाजूचा जोड पावसाळी वाऱ्याकडे, म्हणजे नैऋत्येकडे, उघडा राहता कामा नये. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, दोन उंचवट्यांमधल्या नाळेत मारला की पाणी त्याच्यावरून धावत राहतं. खालचा रबरी वॉशर जरा दबेल इतकाच कसा; जोर लावून चेपला की दोन उन्हाळ्यांत फाटतो. आणि छपरावर चढून ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका. ठिणग्या रंगावर बसतात आणि पुढच्या पावसात तिथे तांबूस ठिपके उठतात. मग मालक म्हणतो कंपनीने फसवलं. कंपनी बिचारी निर्दोष असते, त्या दिवशी कात्री आणायचा कंटाळा केलेला असतो.

पत्र्याखाली उकडतं आणि पावसात फोनवर बोलता येत नाही, हे तुम्हाला कोणीही सांगेल. आवाजाला आणि उष्णतेला उपाय एकच: पत्र्याखाली हवेची मोकळी जागा आणि खाली लाकडी किंवा सिमेंट बोर्डाची तक्तपोशी, म्हणजे आतलं छत. आढ्याखाली गरम हवा जायला जाळी ठेवायची विसरू नका. तक्तपोशी केली आणि हवेला वाट ठेवली नाही तर तिथे उंदीर-घुशी आणि बुरशीचा संसार सुरू होतो.

सिमेंटचे पत्रे आमच्याकडे गोठ्यावर आणि पडवीवर सर्रास असतात. त्यात पांढरा ॲस्बेस्टॉस असतो, जागतिक आरोग्य संघटना त्याच्या सगळ्या प्रकारांना कर्करोगकारक मानते, आणि युरोपियन युनियनने २००५ पासून त्यावर बंदी आणली आहे. आपल्याकडे अजून विकले जातात. मी राहत्या घरावर नवीन घालत नाही. तुमच्या गोठ्यावर जुने असतील आणि धड असतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. कोरडे घासू नका, भोकं पाडू नका, काढायची वेळ आलीच तर पाणी मारून अख्खे उतरवा.

आता माकडं. लाल तोंडाचं माकड कौल सरकवतं, काळ्या तोंडाचा वानर उडी मारून फोडतो. वानर चांगला वजनदार, आंब्याच्या फांदीवरून येतो तो थेट कौलावर. अर्धं काम कोयतीने होतं: छपरापासून दहा-बारा फुटांच्या आत येणारी एकही फांदी ठेवू नका. फणसाची फांदी तोडताना आई हळहळेल, तोडा. जाळी टाकलेली घरं मी पाहिली आहेत. जाळीखाली पाला अडकतो, पाला कुजतो, आणि माकडं जाळी धरून झोके घेतात. फटाके पंधरा दिवस चालतात, मग त्यांनाही कळतं.

या सगळ्यातून जे मला पटतं आणि गेली दहा-बारा वर्षं मी जे जास्त करतोय ते म्हणजे खाली पत्रा आणि वर कौलं. वासे तेच किंवा नवे. त्यांच्यावर साधा सपाट प्रोफाइलचा पत्रा. त्याच्यावर आढ्यापासून वळचणीकडे, म्हणजे उताराच्या दिशेने, उभ्या पट्ट्या. त्यांच्यावर आडव्या रिपा आणि रिपांवर कौलं. माकडाने कौल फोडलं तर पाणी पत्र्यावरून वाहून वळचणीला जातं, खाली थेंब नाही. पत्र्याला थेट ऊन नाही म्हणून घर तापत नाही, पावसाचा आवाज कौल खातं, आणि कौलाचं वजन पत्र्याला दाबून धरतं. दरवर्षीचं काम मात्र तीन वर्षांतून एकदा करून चालतं.

यात एकच चूक लोक सारखी करतात, ती म्हणजे उभ्या पट्ट्या गाळून आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकणं. मग कौलातून खाली आलेली धूळ-पाला प्रत्येक रिपेच्या मागे साचतो, पाणी अडतं, आणि पत्रा वरून गंजतो. खालून काहीच दिसत नाही. पाचव्या वर्षी कळतं. उभी पट्टी पाऊण इंचाची का होईना, पण हवी. दुसरी गोष्ट, या पद्धतीत दोन्हींचा खर्च येतो, हे कबूल करूनच सांगतो. जुनी कौलं निम्मी-पाऊण वाचली तर तो हिशोब जमतो. नवीन कौल घ्यायची वेळ आली तर जवळपास कुठे जुनं घर पाडतायत का ते आधी बघा. जुनं खणखणीत कौल आजच्या बऱ्याच कौलांपेक्षा उजवं असतं. फक्त माप आणि छाप जुळतो का बघा. दोन कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकांत बसत नाही, आणि ती जबरदस्तीने बसवली की गळती तिथूनच सुरू होते.

दर मी मुद्दाम लिहीत नाही. लोखंडाचा भाव महिन्याला बदलतो, आणि तुमच्या घरापर्यंत टेंपो येतो की पाखाडीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेने, माल डोक्यावर न्यावा लागतो, यावर मजुरी दीडपट होते. स्वस्त ते महाग असा क्रम मात्र ठरलेला आहे: कौलांची डागडुजी, मग काँक्रीटच्या पट्ट्यासकट पत्रा, मग खाली पत्रा-वर कौल, आणि सगळ्यांच्या कितीतरी वर कॉलमवरचा स्लॅब.

मग तुमच्या घराचं काय करावं? न बघता सांगतोय हे लक्षात ठेवून वाचा. मी स्लॅब फक्त मागच्या बाजूला, संडास-बाथरूमपुरता, स्वतःच्या कॉलमवर टाकेन. पाण्याची टाकी त्यावर ठेवता येईल, आणि भावाचंही मन राहील. माजघर आणि ओटी, जिथे आई दिवसभर असते, तिथे खाली पत्रा-वर कौल. पडवी आणि पाठीमागची पाखी, जिथे झाडांचा पाला जास्त पडतो आणि माकडांचा रस्ता आहे, तिथे नुसता पत्रा, नीट जखडलेला. चौपाखी आकार मोडू नका. काही जण खर्च वाचवायला दोनपाखी करून बाजूला त्रिकोणी भिंती उभ्या करतात. चौपाखी छपरावरून वारा घसरून जातो, त्रिकोणी भिंतीवर तो आदळतो. आणि एका ठिकाणी तरी काचेचं कौल ठेवा, त्याच्याखाली पत्र्याऐवजी पारदर्शक पट्टी घाला. देवघरात सकाळी पडणारा उजेडाचा तो कवडसा गेला की म्हाताऱ्या माणसांना घर परकं वाटायला लागतं. ते कुठल्या कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

हे सगळं वाशांवर अवलंबून आहे. किंजळ किंवा ऐनाचे असतील तर बाहेरून काळे पडलेले दिसले तरी आतून ठणठणीत निघतात. माडाचे असतील तर साठ वर्षांनी शंका घ्या. प्रत्येक वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक तपासा, कारण वाळवी भिंतीच्या मातीतून तिथेच शिरते. पटाशीचं टोक दाबून बघा. अर्धा इंच सहज आत गेलं तर तो वासा मोजून ठेवा. अशा वाशांची संख्या एक चतुर्थांशाच्या वर गेली तर लाकडाचा सांगाडा सोडून लोखंडी चौकोनी नळ्यांचा विचार करा. नळ्यांची तोंडं बंद करून घ्या आणि वेल्डिंगच्या जागी रंगाचे दोन हात जास्त मारा, गंज तिथूनच लागतो.

घाई करू नका. या पावसात कुठलंच मोठं काम निघणार नाही. तोवर एवढं करा. आईला किंवा शेजारच्या मुलाला पांढरा खडू द्या. पाऊस चालू असताना जिथे थेंब पडतोय तिथून वर बघत वाशावर पाणी कुठून येतंय ते शोधायचं आणि तिथे खूण करायची. पाणी बहुतेक वेळा एका ठिकाणी शिरतं, रिपेवरून चार फूट सरकतं आणि भलतीकडेच ठिबकतं, म्हणून मे महिन्यात कोरड्या छपराखाली उभं राहून कोणालाच काही सापडत नाही. तुमच्या तीन गळत्यांपैकी निदान एक तरी आढ्याच्या किंवा कोनवाशावरच्या (दोन पाख्या मिळतात त्या कोपऱ्यातल्या तिरक्या वाशावरच्या) कौलांच्या सांध्यातून असेल असा माझा अंदाज आहे, आणि तसं असेल तर ते काम दोन घमेली मालाचं आहे. खुणा झाल्या की त्यांचे फोटो, वाशांच्या टोकांचे फोटो आणि घर समुद्रापासून किती आत आहे ते कळवा. फॅब्रिकेशनवाल्याचं कोटेशन आलं असेल तर तेही, त्यात भिंतीवरचा काँक्रीटचा पट्टा धरलाय का बघू.